लाकूड लांबीत आटत नाही

श्रावणभाऊंचं पत्र आलं तेव्हा मी पडवीत एका पायावर उभा होतो. दुसरा टेकवायला जागा नव्हती. वरच्या फळीवरून रंधा काढत होतो आणि खाली फळकुटांचा ढीग होता.

"वणीचं पत्र आहे," इंदू दारातून म्हणाली. "हात लांब करा. मी आत येत नाही. मागच्या वेळी आले तर पदर खिळ्याला अडकला होता."

"टेबलावर ठेव."

"कुठलं टेबल?"

तिचं खरं होतं. टेबल होतं, पण ते दिसत नव्हतं. मी हात लांब केला आणि पत्र घेतलं. अंतर्देशीय पत्र होतं, सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहिलेलं.

"मोहरील मास्तर यांस नमस्कार. शिवणीला तीन उन्हाळे पुरे झाले. चीर गेली असेल तर गेली म्हणून लिहा, नसेल तर नाही म्हणून लिहा. येथील आरा मशीनवाल्याकडे शिवणीचाच एक जुना, वाळलेला ओंडका आहे. आखाडीपर्यंत तो कोणाला देणार नाही म्हणतो. आपला चांगला असेल तर मला तो नको. उजवा हात थरथरू लागला आहे. डॉक्टर म्हणतात, जे करायचे ते या वर्षात करून घ्या. एक ओळ लिहिली तरी पुरे. तुमचा, श्रावण वाढई."

ती ओळ मी लिहिली नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली.

श्रावणभाऊ आमच्या अचलपूरच्या शाळेत सुतारकाम शिकवायचे आणि मी ग्रंथपाल होतो. त्यांची कार्यशाळा आणि माझं वाचनालय यांच्यामध्ये एकच भिंत होती. बावीस वर्षं मी पलीकडच्या ठोकाठोकीबद्दल मनातल्या मनात तक्रार केली. मुख्याध्यापकांकडे जायचं धाडस झालं नाही. निवृत्तीनंतर वेळ जाईना, तेव्हा त्याच माणसाकडे जाऊन म्हणालो, मला शिकवाल का. ते हसले नाहीत. "पुस्तकं सांभाळनारा हात हाय तुमचा," म्हणाले. "हळू चालन. हळू चाललेलं बरं."

हळू चालला, पण सरळ कधी चालला नाही. माझ्या हातून एकही पाट सपाट झाला नाही. चार पायांचं स्टूल केलं तर ते तीन पायांवर उभं राहायचं. पण लाकूड जमवण्यात मी पटाईत निघालो. पडलेल्या घराची चौकट, शेजाऱ्याच्या खाटेचा पाय, आरा मशीनवरचे काप, सगळं घरी यायचं. कामास येईल, हे एकच वाक्य मी त्या वर्षांत पुन्हा पुन्हा म्हटलं. पडवी नऊ फूट बाय सात, वर पत्रा. तिच्यातच इंदूची धान्याची कोठी, कूलरचं स्टँड आणि माझी घरात न मावलेली पुस्तकं.

श्रावणभाऊंचं स्वतःचं असं एकच काम राहिलं होतं. त्यांच्या वडिलांनी आळीच्या महादेवाच्या देवळासाठी एक मोठा लाकडी बैल केला होता, पायांना चाकं असलेला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं आपापले लाकडी बैल सजवून मिरवतात आणि त्यांच्या पुढं देवळातला हा बैल ओढत नेतात. पोळ्यात बैल जोडीनं उभे राहतात. हा मात्र पन्नास वर्षं एकटा. वडील म्हणायचे, पुढल्या साली याचा जोडीदार करतो. त्या पुढल्या सालाआधीच ते गेले. श्रावणभाऊ निवृत्त होण्याच्या सुमारास शाळेच्या आवारातली शिवण वादळात पडली आणि शाळेनं बुंध्याचा एक तुकडा त्यांना दिला. शिवण हलकी, कोरायला मऊ, आणि नीट वाळली तर पुढं वाकडी होत नाही. मात्र तिला तीन उन्हाळे द्यावे लागतात. दोन त्यांच्या घरी झाले. तिसऱ्याच्या आधी भावानं घर विकायला काढलं आणि ते वणीला मुलीकडे, पुष्पाकडे राहायला निघाले. बायको आधीच वारली होती.

फाल्गुनात एका सकाळी ते ढकलगाडीवर ओंडका घेऊन आले.

"मास्तर, हे तुमच्याकडं ठिवतो. एक उन्हाळा."

"भाऊ, जागा..."

"नाई, ते तर मले दिसून राह्यलं." त्यांनी पडवीत डोकावून पाहिलं. "तुमी पसारा नाई केला मास्तर, तुमी रान केलं. वाघ तेवढा बाकी हाय."

आतून इंदू म्हणाली, "तोही येईल. कामास येईल म्हणून आणतील."

दोघांनी मिळून ओंडका दाराशी आडवा ठेवला. दोन्ही टोकांना काळंभोर डांबर फासलेलं होतं. श्रावणभाऊंनी एका टोकावर तळहात ठेवला.

"हे पाहा. लाकडाचं पानी तोंडातून जाते. तोंड उघडं पडलं का भसकन जाते, आन् लाकूड फाटते. म्हणून तोंडं बंद केली. हे डांबर जाऊ द्यायचं नाई. बाकी काईच करू नका. काई न करनं तुमाले जमते." आणि हसले. मीही हसलो. उरलेल्या डांबराचा डबा, लागला तर असावा, म्हणून त्यांनी माझ्याकडेच ठेवला.

तो डबा मी पडवीत कुठंतरी ठेवला.

ओंडका दाराशी होता आणि घरातला प्रत्येक माणूस त्याला अडखळायचा. चैत्रात कूलर काढायची वेळ आली तेव्हा कूलर बाहेर येईना. इंदूच्या पायाचं नख निघालं. ती रडली नाही, ओरडली नाही. पाय पाण्यात बुडवून बसली आणि म्हणाली, "एक तर ते तिथून हलवा, नाही तर मला हलवा."

मी हलवायचं ठरवलं. माझ्यासारखा माणूस असं काम हातानं सुरू करत नाही, कागदावर करतो. आलेखाच्या कागदावर पडवीचा नकाशा काढला. प्रत्येक वस्तूचा पुठ्ठ्याचा तुकडा मापानं कापला, कोठी, कूलर, पुस्तकांचे गठ्ठे, फळकुटांचे ढीग, आणि तीन दिवस ते तुकडे कागदावर सरकवत बसलो. त्या तीन दिवसांत मी किती सुखी होतो हे सांगायला लाज वाटते. कागदावर सगळं बसलं. ओंडक्याची जागा कामाच्या टेबलाखाली, दोन पायांच्या मध्ये. तिथं अंतर होतं चौतीस इंच. ओंडका छत्तीस.

कुठलंही फळकूट टाकलं असतं तर ओंडक्याला दुसरीकडे जागा झाली असती. हे मला आज दिसतं. तेव्हा प्रत्येक फळकूट मला कुठल्या ना कुठल्या कामाचं दिसत होतं, आणि ओंडक्याचं टोक, नुसतं डांबर फासलेलं टोक, बिनकामाचं. बैल काही छत्तीस इंचांचा होणार नव्हता. तीन इंच गेले तर काय बिघडतं. कापायचं, आणि लगेच नव्या तोंडाला डांबर फासायचं. लाकडाचं तोंड उघडं ठेवू नये हे मी दोन पुस्तकांतही वाचलं होतं. त्या पानांत मी खुणेचे कागद घातले होते.

करवतीनं कापायला अर्धा दिवस गेला. काप वाकडा आला. टोकाची जाड चकती मी फळकुटांच्या ढिगावर ठेवली आणि डांबराचा डबा शोधायला लागलो.

डबा सापडला नाही.

पुस्तकांचे गठ्ठे नकाशाप्रमाणे हलवले होते, ढीग नकाशाप्रमाणे रचले होते, आणि डब्याचा पुठ्ठा मी कापलाच नव्हता. एक ढीग काढायचा तर दुसऱ्यावर ठेवायला लागायचा. इंदू म्हणाली, "बाजारातून दुसरं आणा." मी म्हणालो, "आहे की घरात, आणू कशाला? सापडेल." रोज सापडेल म्हणत नऊ दिवस गेले. वैशाखाचे नऊ दिवस, पत्र्याखाली. आमच्याकडे त्या दिवसांत सकाळी धुतलेलं धोतर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतं.

नवव्या दिवशी दुपारी जेवताना पडवीतून टाळी वाजल्यासारखा आवाज आला. इंदूनं माझ्याकडे पाहिलं. मी जेवण पुरं केलं. मग जाऊन पाहिलं. कापलेल्या तोंडापासून चीर गेली होती, गाभ्यातून, दुसऱ्या टोकाच्या वीतभर अलीकडंपर्यंत. तिच्यात पोस्टकार्ड उभं राहिलं असतं.

डबा दोन दिवसांनी मिळाला, कोठीच्या मागं. मी त्या तोंडाला डांबर फासलं. का फासलं, हे मला तेव्हाही माहीत होतं. लाकडाला आता त्याचा उपयोग नव्हता.

आणि ज्येष्ठात ते पत्र आलं.

मी उत्तर लिहायला बसलो नाही असं नाही. सात वेळा बसलो. पहिल्या मसुद्यात 'दैवयोगाने' असा शब्द आला, तो खोटा म्हणून खोडला. दुसऱ्यात कापल्याचं लिहिलं, पण त्याआधी नकाशाचं, इंदूच्या नखाचं, डब्याचं इतकं लिहिलं की पान संपलं. तिसऱ्यात क्षमेचा परिच्छेद फार अलंकारिक झाला. एका ओळीचं उत्तर मागितलं होतं आणि मला सुरुवात सापडत नव्हती. इंदू विचारायची, "टाकलं का पत्र?" मी म्हणायचो, "भाषा जरा नीट करतो." आखाडी, म्हणजे आषाढाची पौर्णिमा, आली आणि गेली.

श्रावण लागल्यावर पहिल्या रविवारी सकाळी दाराशी छोटा टेम्पो थांबला. त्यातून श्रावणभाऊ उतरले. अंगात धुतलेला सदरा, खिशात पेन्सिल. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता, दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला दिल्यासारखा.

"तुमचं पत्र नाई आलं," ते म्हणाले. "पुष्पा म्हने, एकडाव फोन करून पाहा कोनाले तरी. म्या म्हनलं, काहून? वाईट असतं तं मास्तरनं लिहिलंच असतं. नाई लिहिलं म्हंजे सगळं बरं हाय."

मी विचारलं, "आणि तो दुसरा? आरा मशीनवाल्याकडचा?"

"तो गेला. आखाडीच्या दुसऱ्या दिवशीच नेला कोनी तरी, चौकटीसाठी. जाऊ द्या. आपलं सोन्यासारखं असताना लोकाचं कायले?"

टेम्पोवाल्याला बाहेर थांबायला सांगून ते पडवीत आले. पाय ठेवायला जागा शोधत शोधत टेबलापर्यंत पोचले आणि वाकले. मी त्यांच्या मागं उभा होतो. मग माझ्या लक्षात आलं की डाव्या हाताला, ढिगाच्या अगदी वर, ती चकती आहे, काळं तोंड वर करून. मी दोन पावलं सरकलो आणि तिच्यापुढं उभा राहिलो.

ओंडका आम्ही दोघांनी बाहेर ओढला. त्यांनी चीर पाहिली.

ते ओंडक्यापाशी उकिडवे बसले. चिरेवरून बोट फिरवलं. मग डांबराच्या तोंडापाशी आले आणि नखानं थोडं डांबर खरवडलं. चीर डांबराच्या खालून सुरू होत होती.

"याच तोंडातून गेली," ते म्हणाले. "डांबर तं हाय. पन खाली पकडलं नाई. लावताना हात हालला असन. तेवाच थरथरत होता जरा जरा. म्या म्हनलं, थंडी हाय."

मी पुन्हा चकतीपुढं सरकलो.

मग त्यांनी सवयीनं वीत टाकली. ते फूटपट्टी नेहमी नंतर घ्यायचे, आधी वीत. हाताला कंप होता, म्हणून डाव्या हातानं टाकली. एक, दोन, तीन, आणि चौथी अर्ध्याहून थोडी पुढं जाऊन टोक संपलं. त्यांनी पुन्हा टाकली. तेवढीच भरली.

"चार वितं होता हा."

मी म्हणालो, "वाळल्यावर..."

"लाकूड लांबीत आटत नाई, मास्तर." हे त्यांनी वर्गात सांगतात तसं सांगितलं. न रागावता. "जाडीत आटते, रुंदीत आटते. लांबीत नाई. पोरायले पयल्या दिवशी शिकवतो म्या हे."

इंदू चहा घेऊन दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. ती माझ्याकडे पाहत होती, आणि मी पाहत नाही असं पाहून तिनं स्वतःच सुरुवात केली.

"श्रावणभाऊ, ते काय झालं..."

"भाऊंना साखर कमी लागते," मी म्हणालो.

ती थांबली. कप तिच्या हातात होते. मग तिनं ते कोठीच्या झाकणावर ठेवले आणि आत गेली.

श्रावणभाऊंनी तिसऱ्यांदा वीत टाकली नाही. ते माझ्या वाकड्या स्टुलावर बसले. स्टूल हललं, तेही त्याच्याबरोबर हलले.

"म्हंजे मोजतानाच चुकलो म्या," ते म्हणाले. "चार नसनच. चार म्हनून डोक्यात बसलं."

"होतं कधी कधी," मी म्हणालो.

हे दोन-तीन शब्द मी खरोखर उच्चारले. आजपर्यंत मी बरीच वाक्यं खोडली आहेत. हे खोडता येत नाही.

त्यांनी चहा घेतला. टेम्पोवाल्याला रिकामाच परत पाठवायचं ठरलं. मी म्हणालो, चीर सोडून उरलेल्यातून लहान बैल होईल का. ते म्हणाले, "जोडीदार लहान कसा चालन?" जाताना ओंडक्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "राहू द्या इथंच. जळनाले होईन." पायरीवर मात्र थांबले.

"तुमी वाईट नका वाटून घेऊ. तुमी तं सांभाळलं."

ते गेल्यावर इंदू पडवीत आली. नेहमी ती यायची नाही, त्या दिवशी आली. चकती उचलून तिनं पाहिली आणि परत होती तिथं ठेवली.

"बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो."

पुढं तिनं हा विषय कधी काढला नाही. मी तिच्या काढण्याची वाट पाहत होतो, म्हणजे मला बोलता आलं असतं. तीन वर्षांपूर्वी ती गेली.

देवळातला बैल अजून एकटाच निघतो. तान्ह्या पोळ्याला मी घरातून बाहेर पडत नाही. वाजंत्री ऐकू येते तेवढी ऐकतो.

यंदा आषाढात राऊत सर आले होते. आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. पुतण्याच्या लग्नाला वणीला गेले होते, तेव्हा श्रावणभाऊंना भेटून आले. पडवीत बसायला जागा नव्हती म्हणून आम्ही ओट्यावर बसलो.

"कसे आहेत?" मी विचारलं.

"आहेत, म्हणजे आहेत. खाटेवरच असतात. डोळे गेले दोन्ही. पण कान तेज. पुष्पा पेपर वाचून दाखवते."

"हात?"

"हाताचीच तर गंमत आहे." राऊत सरांनी पान जुळवत सांगितलं. "इथून परत गेले त्या सालीच नागपूरच्या डॉक्टरनं औषध बदललं. हात असा स्थिर झाला, पुष्पा सांगते, की सुईत दोरा ओवायचे. दोन वर्षं तसा राहिला."

मी चुन्याची डबी त्यांच्याकडे सरकवली.

"पोरीनं म्हटलं, बाबा, ओंडका आणून देते, करा तुमचा बैल. जावई तर घेऊनच आला होता कुठून तरी. हात लावला नाही. म्हणे, हात ठीक आहे गं, पण माझा अंदाज गेला. डांबर लावता आलं नाही, साधं लाकूड मोजता आलं नाही. ज्याले मोजता येत नाही त्यानं लाकूड खराब करू नये. पटाशा, रंधे सगळे वाटून टाकले. तेव्हापासून घरातला खिळासुद्धा दुसऱ्याकडून ठोकून घेतात." सर थांबले. "तो ओंडका तुमच्याचकडे होता ना?"

"माझ्याकडे होता."

"अजून आहे?"

"आहे. टेबलाखाली."

"तुम्ही काही टाकत नाही बुवा," राऊत सर म्हणाले आणि पान तोंडात घातलं.

सर गेल्यावर मी चार दिवस काही केलं नाही. डोळे गेलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आता काय सांगायचं, हा प्रश्न मी मला अनेक रीतींनी विचारला. त्यांचा बैल आता होणार नव्हता. दोन वर्षांचा स्थिर हात परत येणार नव्हता. पत्र गेलं तर ते मला काय म्हणतील याची भीती होती, आणि काहीच म्हणणार नाहीत याची जास्त. ते सगळं मी कागदावर मांडायला लागलो तेव्हा लक्षात आलं की हा आठवा मसुदा आहे. तो फाडला.

नवीन अंतर्देशीय पत्र आणलं आणि पोस्टातल्याच बाकावर बसून लिहिलं.

"श्रावणभाऊ, तुमच्या पत्राचं उत्तर. ओंडका चार वितांचाच होता. तुमचं मोजणं बरोबर होतं आणि डांबरही पक्कं होतं. मी जागेसाठी तीन इंच कापले आणि तोंड नऊ दिवस उघडं ठेवलं. चीर त्यानं गेली. वरचं डांबर मी नंतर लावलं. त्या दिवशी मी हे तुम्हाला सांगितलं नाही. मोहरील."

वर पुष्पाचं नाव घालावं असं आधी वाटलं. मग वाटलं, तिनं आधी वाचलं तर वडिलांना कशाला त्रास, म्हणून ती ठेवून देईल, आणि मला कुठंतरी तेच हवं असेल. नाव श्रावणभाऊंचं घातलं, म्हणजे ती ते त्यांच्यापुढंच फोडून वाचेल. डिंक पातळ होता, दोनदा लावावा लागला.

पेटीशी उभा राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. मागं एक बाई राखीचं पाकीट घेऊन थांबली होती.

"टाकता का, बाबाजी?" ती म्हणाली. "का मी टाकू?"

"मीच टाकतो," म्हटलं, आणि टाकलं.